अब्बांच्या पेटीतला कॉम्प्युटर

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत शिरूर कासारला आमच्या घरी वेगळेच काम निघाले. अकरावीला जाणाऱ्या लेकीसाठी कॉम्प्युटर हवा होता. तयार घेण्याऐवजी सुटे भाग आणून घरीच जोडायचे ठरले. भाग पुण्याहून आले. राहिली पेटी. लेक म्हणाली, "दादाजानची पेटी घ्यायची का?"

आमचे अब्बा शिवणकाम करत. त्यांच्या इंतकालानंतर त्यांची सागवानी पेटी माळ्यावरच होती. तिला भोके पाडायची म्हणजे अम्मींना विचारणे आले. त्यांनी बराच वेळ झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "वर ठेवून धूळच खाते. पाडा भोकं. पण कडी काढू नका."

आमचा मदरबोर्ड 24.4 सेंटिमीटर लांब-रुंद. आधी पेटी मापली. समोर खालच्या बाजूला गार हवा आत घेणारा पंखा आणि मागे वरच्या बाजूला गरम हवा बाहेर टाकणारा, अशी दोन मोठी भोके सुतारभाईंनी पाडली. लाकडातून उष्णता सहज बाहेर जात नाही, त्यात आपला बीडचा उन्हाळा! बोर्डही लाकडाला टेकवला नाही; छोट्या पितळी आधारांवर बसवला. "गावाच्या नावातच कासार, पितळ लागायचंच," सुतारभाई हसले.

प्रोसेसरवर मसुराच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट लावली, वर पंखा बसवला. बिस्मिल्लाह म्हणून बटण दाबले. पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच! दीड वर्षाची बचत समोर होती. आम्ही दुकानदाराला फोन लावणार, तोच लेक म्हणाली, "अब्बू, आधी आपण तपासू या."

गणित चुकले तर पाटी पुसू नका, चुकलेली पायरी शोधा, हे वर्गात आम्हीच सांगतो. वीज बंद करून माहितीपुस्तिकेतली एकेक ओळ ताडून पाहिली. प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची वायर कोपऱ्यात तशीच लोंबत होती. घाई आम्हीच केली होती. वायर बसवली आणि स्क्रीन उजळली. अल्हम्दुलिल्लाह!

1976 साली ॲपलचा पहिला कॉम्प्युटरही नुसता बोर्ड म्हणूनच विकला गेला. पेटी ज्याची त्याने करायची. काहींनी ती लाकडाचीच केली. आपल्या पुण्यात सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली अनेक प्रोसेसर एकत्र जोडून 1991 साली 'परम 8000' हा महासंगणक उभा केला.

तुमच्या घरी असा बेत असेल तर तीन गोष्टी पाळा. पेटीत बसवण्याआधी सगळे पुठ्ठ्यावर जोडून चालवून पाहा. आम्ही हेच केले नव्हते. घरातले अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. आणि जोडणी मुलांच्या हाताने होऊ द्या, आपण शेजारी बसा.

अम्मी आता रोज सकाळी कडी पुसतात. "चालू आहे ना?" एवढेच विचारतात.