विश्लेषण : जुन्या गेमसाठी जुने साउंड कार्ड… निवडताना आधी काय पाहावे?

सातारा असो वा सांगली, नव्वदच्या दशकात घेतलेला संगणक काही घरांत आजही माळ्यावर धूळ खात पडून आहे. दिवाळीच्या साफसफाईत तो खाली येतो आणि किलोच्या भावाने भंगारात जातो. दुसरीकडे ‘डूम’ किंवा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मूळ यंत्रावर, मूळ आवाजात खेळू पाहणारे हौशी त्याच संगणकातले साउंड कार्ड ऑनलाइन, चढ्या किमतीत शोधत असतात. हा उफराटा व्यवहार टाळायचा तर कोणते कार्ड कशासाठी, हे समजून घ्यायला हवे.

कार्ड बदलले की संगीत का बदलते?

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाद्य बदलले की तोच सूर वेगळा लागतो, हे या भागाला वेगळे सांगायला नको. डॉसवरच्या गेमचेही तसेच. त्यांत ध्वनिमुद्रित संगीत क्वचितच असे. कोणता सूर किती वेळ वाजवायचा, एवढ्याच सूचना असत. प्रत्यक्ष सूर काढण्याचे काम कार्डावरील चिपचे. १९८७ च्या ‘ॲडलिब’ कार्डावर यामाहाची ‘ओपीएल-२’ चिप होती. ती एका वेळी नऊ सूर वाजवी. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीच्या ‘साउंड ब्लास्टर’ने त्याच चिपला स्फोट, किंकाळ्या, बोलणे अशा ध्वनिमुद्रित आवाजांची जोड दिली. १९९२ चे ‘साउंड ब्लास्टर १६’ सीडीच्या दर्जाचा आवाज देऊ लागले.

सर्वात महाग कार्डच घ्यावे का?

मुळीच नाही. आधी गेम ठरवावा, मग कार्ड. ‘डेंजरस डेव्ह’ला कार्डच लागत नाही, त्याचा आवाज संगणकाच्या आतल्या छोट्या स्पीकरमधून येतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या १९९० च्या डॉस आवृत्तीला साधे साउंड ब्लास्टर पुरते. १९९३ च्या ‘डूम’साठी ‘ओपीएल-३’ चिप असलेले साउंड ब्लास्टर प्रो किंवा १६ उत्तम. विंडोज ९५ वरच्या ‘रोड रॅश’ला तर त्या प्रणालीचा ड्रायव्हर असलेले कोणतेही कार्ड चालते. ‘ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड’ (१९९२) किंवा ‘एडब्ल्यूई ३२’ (१९९४) ही कार्डे खऱ्या वाद्यांचे नमुने वाजवतात. पण गेममध्ये त्यांची सोय नसेल, तर जादा पैसे केवळ नावाचे.

नावावर विसंबून राहण्यातही धोका आहे. नंतरच्या अनेक ‘साउंड ब्लास्टर १६’ कार्डांवर यामाहाची चिप नसून क्रिएटिव्हने स्वतः केलेली नक्कल आहे आणि तिचा आवाज वेगळा येतो. उलट, फारसे नाव नसलेले यामाहा ७१९ किंवा ईएसएस १८६८ चिपचे कार्ड बहुतेक डॉस गेमना पुरेसे असते. म्हणून खोक्यावरचे नाव नव्हे, चिपवरचा क्रमांक वाचावा.

भंगारातून घेताना काय तपासावे?

सर्वात आधी मदरबोर्डवरचा स्लॉट. लांब, बहुधा काळा स्लॉट आयएसएचा; आखूड, बहुधा पांढरा स्लॉट पीसीआयचा. डॉस गेम कार्डाला ठरलेल्या पत्त्यावर हाक मारतात : पोर्ट २२०, आयआरक्यू ५ किंवा ७, डीएमए १. आयएसए कार्ड तिथे थेट ‘ओ’ देते. बहुतेक पीसीआय कार्डांना त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो प्रत्येक गेममध्ये चालेलच असे नाही. साधारण २००० नंतरच्या बहुतेक मदरबोर्डवर आयएसए स्लॉटच नाही.

त्यानंतर कपॅसिटर फुगलेले नाहीत ना, हे पाहावे. पावसाळी ओल लागून सोनेरी पट्ट्या काळवंडल्या असतील, तर खोडरबराने हलके पुसाव्यात. ऑनलाइन घेताना चिपचा स्पष्ट फोटो मागावा. तो देण्यास टाळाटाळ झाली, तर व्यवहार सोडलेला बरा.

एवढा खटाटोप कशासाठी?

नुसते खेळायचे असेल, तर २००२ पासून मोफत मिळणारे ‘डॉसबॉक्स’ पुरेसे आहे. पण नक्कल बरोबर उतरली की नाही, हे ठरवायला अस्सल नमुना शिल्लक हवा. इथे प्रश्न हौसेपुरता राहत नाही. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासूनचे, तर कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासूनचे. अशा संस्थांनी निर्लेखनाची यादी करतानाच चालू स्थितीतली जुनी कार्डे बाजूला काढून प्रयोगशाळेत एक कपाट राखले, तर विद्यार्थ्यांना ध्वनीची चिप कशी काम करते, हे हाताळून शिकता येईल. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांतही भंगार करणाऱ्यांबरोबर जुनी उपकरणे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना स्थान आहे.

घरोघरी तर याहून सोपे आहे. जुना संगणक टेम्पोत चढवण्याआधी त्याचे झाकण उघडून आतल्या कार्डावरचा क्रमांक वाचावा. दहा मिनिटांचे काम आहे.