तेरड्याचा रंग आणि मे महिना

आमच्या बागेत गेल्या वर्षीपासून एक नियम आहे. कुणी रोप लावायला आलं, की त्याला खड्डा दाखवायच्या आधी एक वही पुढे करायची. त्या वहीत पुढच्या मे महिन्याच्या तारखा आखलेल्या असतात. "रोप हवंय ना? मग यातले तुमचे दोन दिवस आधी सांगा." काही जण हसतात, काही जण "बघून सांगतो" म्हणून निघून जातात, आणि काही जण खरंच पेन मागतात.

हा नियम कसा आला ते आज सांगायचं आहे. त्यासाठी मला थोडी माझीच लाज काढावी लागणार आहे. पण आधी बागेची ओळख करून देते.

इंदुरात आमच्या कॉलनीच्या मागे, कुंपणाची भिंत आणि नाला यांच्यामध्ये एक लांबट पट्टी पडून होती. गाजरगवत, फुटक्या फरश्या आणि कुणाकुणाच्या घरातून निघालेला राडारोडा. मंडळातल्या चार-पाच घरांनी ती साफ करायला घेतली. हळूहळू शेजारची माळवी, गुजराती, सिंधी घरंही आली. पगारी माळी आजही नाही. रविवारी सकाळी सात ते नऊ काम, आणि नंतर कुणातरी एका घरचे पोहे. जिलेबी मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातली. काही लोक फक्त साडेआठला येतात, तेही आम्ही चालवून घेतो!

या बागेचं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही आणि जानेवारीतही नाही. ते मृगाला सुरू होतं. माळव्याची माती काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की मुलांचे हात आत जातात, आणि पहिला पाऊस झाला की तीच माती चपलेला अशी चिकटते की चप्पल हातात घेऊन चालावं लागतं. त्या ओल्या मातीवर एक दिवस लाल मखमलीचे ठिपके चालायला लागतात. हा मृगाचा किडा. आमच्याकडची मुलं त्याला शाळेतल्या मित्रांसारखी 'बीरबहूटी' म्हणतात. गेल्या वर्षी एका मुलाने त्याचे पाय मोजले. आठ! म्हणजे किडा म्हणत असलो तरी तो कीटक नव्हे, कोळ्याच्या नात्यातला. हे आम्हा मोठ्यांपैकी निम्म्यांना माहीत नव्हतं.

पाठोपाठ टाकळा उगवतो. कोवळा असेपर्यंत त्याची भाजी होते, लसूण आणि मिरची घालून परतलेली. पिवळी फुलपाखरं त्याच्यावर अंडी घालतात म्हणून एक कोपरा तसाच ठेवतो, उपटत नाही. मग आषाढात लागवडीचा रविवार. तेव्हा बागेत उभं राहायला जागा नसते. आजोबांपासून बाबागाडीतल्या बाळापर्यंत सगळे हजर. फोटो निघतात, रोपांना नावं ठेवली जातात, मक्याच्या कणसाचा किस होतो. तो दिवस मलाही फार आवडतो, उगाच खोटं कशाला बोलू?

श्रावण-भाद्रपदात बागेत सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. बाजारात पत्रीची जुडी तयार मिळते. तिच्यात काय असतं हे कुणी उघडून बघत नाही. आमच्याकडे हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी मुलांना टोपली देऊन पाठवतात. आघाडा, दूर्वा, रुई, माका, शमी, बेल, धोतरा. एकेक पान ओळखायचं, मोजकंच तोडायचं, आणि धोतऱ्याला हात लावला तर हात धुवायचे, कारण तो विषारी. पाट्या मुलांनीच रंगवल्या आहेत आणि प्रत्येकीवर दोन नावं आहेत. आघाडा आणि लटजीरा. पळस आणि खाखरा. कांचन आणि कचनार. तेरडा आणि गुलमेहंदी. चार पिढ्या इथे राहिलेल्या घरातल्या मुलांना दोन्ही नावं यायला हवीत, असं एका काकांचं म्हणणं. एक घरी आजीला सांगायला, एक बाहेर शेजाऱ्याला.

याच काकांच्या हातून एकदा घोटाळा झाला होता. लिंबाच्या रोपाची पानं कुरतडलेली दिसली म्हणून त्यांनी प्रेमाने फवारणी केली. मुलांनी मात्र तिथल्या अळ्या आठवडाभर पाहिल्या होत्या. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, मग हिरव्यागार होणाऱ्या, आणि बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून वास सोडणाऱ्या. लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या होत्या त्या. सगळ्या मेल्या. काका दोन रविवार गप्प होते. तिसऱ्या रविवारी त्यांनी स्वतः कढीपत्त्याची दोन रोपं आणून लावली आणि म्हणाले, "ही अळ्यांची. यांना कुणी हात लावायचा नाही." या अळ्यांना कढीपत्ताही तितकाच आवडतो, हे त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं होतं. तेव्हापासून बागेत फवारणी बंद.

दसऱ्याला आपटा. रस्त्यावर फांद्याच्या फांद्या विकायला येतात, आणि त्यातल्या पुष्कळशा आपट्याच्या नसून कांचनाच्या असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि पातळ. आम्ही झाडापाशीच जाऊन पूजा करतो आणि प्रत्येक घरी एकच पान नेतो. सोनं थोडंच असावं, नाहीतर त्याला सोनं कोण म्हणेल?

थंडीत वाफे भरतात. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा. पावसाच्या तोंडावर लावलेला गराडू खणून काढायचा. सराफ्यात रात्री तळलेला, मसाला भुरभुरलेला गराडू खाणाऱ्या मुलांना तो जमिनीखाली, वेलीच्या पायथ्याशी असा वेडावाकडा वाढतो हे पाहून दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटतं. मग फाल्गुन येतो. कडुनिंब पानं गाळतो आणि पळस पेटतो. रंगपंचमीच्या गेरला अवघं शहर राजवाड्याकडे धावतं, तेव्हा आमच्याकडे दोन घरं पळसाची खाली पडलेली फुलं रात्रभर पाण्यात भिजवत ठेवतात. गळलेली पानं खताच्या खड्ड्यात जातात. ओला कचरा, सुका कचरा वेगळा करायची सवय इंदूरकरांच्या अंगात इतकी मुरली आहे की खड्ड्यात चुकून प्लास्टिक टाकणाऱ्याला सात वर्षांचं पोरही दटावतं.

चैत्रात पाडव्यासाठी कडुनिंबाचा मोहोर घ्यायला गर्दी होते. ती वर्षातली शेवटची. त्यानंतर परीक्षा, लग्नं, सुट्ट्या, मामाचा गाव. बाग रिकामी होते. भाद्रपदात सगळा वाफा गुलाबी-जांभळा करून टाकणाऱ्या तेरड्याचा तोवर मागमूसही उरलेला नसतो. आपल्याकडे म्हण आहे ना, तेरड्याचा रंग तीन दिवस? ती म्हण तेरड्यावर अन्याय करते असं मला वाटतं. तो बिचारा आपलं बी टाकून जातो आणि पुढच्या पावसात परत येतो. आमचा उत्साह तेवढंही करत नव्हता.

आता ती गोष्ट.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आम्ही चाळीस रोपं लावली. उन्हाळ्यासाठी पाळ्या लावल्या होत्या, प्रत्येक आठवड्याला दोन घरं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक घर आमचं होतं. नेमकं भाच्याचं लग्न नाशिकला ठरलं. मला पाळी आठवत होती. मी विसरले असते तर कदाचित कमी वाईट वाटलं असतं. मी मनाशी म्हटलं, दुसरं घर आहे की. फोन करून विचारलं नाही. त्या घरानेही असाच विचार केला आणि ते गावी गेले. पाण्याच्या टाकीची चावी आठ दिवस खिळ्याला लटकत राहिली. पारा चाळीसच्या वर होता.

परत आल्यावर सकाळी बागेत गेले. तिथे आमच्या कॉलनीतली एक मुलगी बेलाच्या रोपापाशी उकिडवी बसली होती. वय वर्षं नऊ. हे रोप तिने स्वतः फळातून बी काढून, कुंडीत वाढवून मग इथे आणलं होतं. झाड जिवंत आहे की नाही हे कसं बघायचं ते मीच तिला शिकवलं होतं: नखाने साल किंचित खरवडायची, आत हिरवं दिसलं तर जीव आहे. ती खरवडत होती. वर तपकिरी. मधे तपकिरी. अगदी जमिनीपाशी आली, तिथेही तपकिरी. तिने माझ्याकडे बघितलं. रागावली नव्हती. फक्त म्हणाली, "काकू, या आठवड्यात तुमचा नंबर होता ना?"

अकरा रोपं गेली. पाऊस पडल्यावर त्यातल्या एका आपट्याला बुडापासून फुटवा आला. बेलाला आला नाही.

त्यानंतरच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. कुणी मला बोललं नाही, उलट प्रत्येकाकडे आपापली एक गोष्ट निघाली. एक आजी तेवढ्या म्हणाल्या, "लावायला शंभर हात आणि जगवायला एक नाही, याला बाग म्हणत नाहीत." या आजी रोज भाज्या धुतलेलं पाणी बादलीत जमवून संध्याकाळी बागेत आणतात. त्यांच्या वाटेवरची सहा रोपं त्या आठवड्यातही हिरवी होती.

आम्ही तीन गोष्टी बदलल्या. पहिली, ती वही. जितक्या लोकांनी मे महिन्यातले दिवस लिहिले, तितकीच रोपं लावायची. दुसरी, चावी. ती आता खिळ्याला नसते. पाळी संपली की त्या घराने पुढच्या घरी जाऊन ती हातात द्यायची. ज्याच्या हातात चावी, त्याची बाग. "मला वाटलं ते बघतील" म्हणायला जागाच उरत नाही. तिसरी, पाणी द्यायची पद्धत. प्रत्येक रोपाशेजारी एक साधं मातीचं मडकं तोंडापर्यंत गाडलं. त्याला आतून-बाहेरून चकाकी चढवलेली नसावी, तरच पाणी झिरपतं. भरून वर झाकण ठेवायचं, म्हणजे पाणी उडत नाही आणि डासही होत नाहीत. माती सुकेल तसं मडकं तिला पाणी देत राहतं. बुंध्याभोवती वाळल्या पानांचा वीतभर थर, खोडाला चिकटू न देता. त्याने भेगा कमी पडतात आणि ओल टिकते.

हे सगळं का, ते मुलांना सांगताना मी नर्मदेची गोष्ट सांगते. आपल्या नळाला येणारं पाणी नर्मदेचं. ती आपल्या पठाराच्या कितीतरी खाली वाहते. १९७८ पासून ते पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पंपाने उचलून, घाट चढवून, सुमारे सत्तर किलोमीटर दूर आपल्याकडे आणलं जातं. इतकी चढण चढून आलेलं पाणी सांडायचं कसं?

गेल्या आषाढात वहीमुळे गर्दी निम्म्यावर आली. चाळीसऐवजी सव्वीसच रोपं लागली. फोटोत बाग जरा ओकीबोकी दिसली आणि काही जण नाराजही झाले. पण हा मे महिना नुकताच सरला आहे, आणि सव्वीसातली चोवीस रोपं उभी आहेत. त्यात बेल आहे. त्याच मुलीने पुन्हा बी लावलं, पुन्हा रोप आणलं. मेचा दुसरा आठवडा तिने वहीत स्वतःच्या नावावर लिहिला आणि शेजारी माझंही नाव लिहिलं. मला विचारलं नाही. आठही संध्याकाळी मला बोलवायला तीच आमच्या दारात उभी होती.

तरुण मंडळींनो, येत्या लागवडीला जरूर या. तुम्ही ज्या शहरात असाल तिथे अशी एखादी बाग असेलच, नसेल तर एखादी पट्टी नक्की पडून असेल. पण झाडाला पहिले दोन-तीन उन्हाळे माणसाची गरज असते, मग ते आपलं आपण बघतं. त्या दोन-तीन उन्हाळ्यांतले दोन-दोन दिवस मनाशी ठरवून मगच खड्डा खणा.

आमच्या वहीत पुढच्या मेचा तिसरा आठवडा अजून कोरा आहे. पेन दोरीने बांधून ठेवलं आहे.