मकाव नको, म्हैस दाखवा!

पर्यटनाच्या एका प्रदर्शनात खांद्यावर मकाव, हातात इग्वाना देऊन फोटो काढत होते. गर्दी तुफान! आमच्या मालेतला एक पोरगा म्हणाला, "दादा, आपल्या कृषी पर्यटनातही ठेवू की."

म्हटलं, थांब. दोन्ही प्राणी सायटीसच्या यादीत. 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पिल्लू झालं, मेलं, तरी कळवायचं. आणि देशी पोपट तर पाळणंच गुन्हा, हे किती जणांना माहितीये? त्यात दिवसभर अनोळखी हात. तो इग्वाना डोळे मिटून पडलेला, मला तरी बघवलं नाही.

माझं मत विचाराल तर पुण्याच्या पोरांना म्हशीची धार काढू द्या, खाचरात भात लावू द्या. बिनधास्त तिकीट लावा. बोर्ड मात्र रस्त्यावरून दिसला पाहिजे!