शिष्यवृत्ती हवी, पण वेळेवर

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी एका तरुण पदवीधरास कोलंबिया विद्यापीठात पाठविले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत सरली आणि त्यास लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. पदरची शिल्लक व मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. ते डॉ. आंबेडकर होते, म्हणून निभावले. प्रत्येक गरीब विद्यार्थ्याकडून तीच जिद्द अपेक्षिणे म्हणजे समाजाने अंग काढून घेणे होय.

शिष्यवृत्ती द्यावी की नाही, हा वाद केव्हाच मिटला. प्रश्न आहे तो रक्कम केव्हा हाती पडते हा. खाणावळवाला महिन्याच्या महिन्यास पैसे मागतो. खोलीचे भाडेही थांबत नाही. वर्ष सरता सरता जमा झालेली रक्कम उसनवारी फेडण्यातच जाते. घरात मुलगा व मुलगी दोघेही शिकत असतील, तर बहुधा मुलीचेच नाव आधी काढले जाते, हे आमच्या सुस्थित वाचकांच्या सहसा ध्यानी येत नाही. अर्जास उशीर झाला तर विद्यार्थी बाद. रकमेस उशीर झाला तर मात्र कोणीच बाद होत नाही! पहिला हप्ता प्रवेशाबरोबरच द्यावा, कागदपत्रांची छाननी मागाहून होऊ द्यावी, अशी आमची सरकारकडे मागणी आहे.