गाडी चालू होत नाही? आधी ऐका, मग हात लावा!

मैत्रिणींनो, या आठवड्यात एका भगिनीचं पत्र आलं आहे. ‘ह्यांची बदली झाली, आता गाडी मीच चालवते. १९९६ सालची मारुती ८०० आहे. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं आणि नेमकी त्याच सकाळी गाडी चालू होत नाही. गॅरेजवाला दर वेळी काहीतरी नवीन बदलायला लावतो. आधी बॅटरी, मग प्लग, आता कार्ब्युरेटर म्हणतो. मी काय करू?’

ताई, घाबरू नका आणि लगेच पैसेही काढू नका. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, तरी कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती आणि पद्मिनी अजून काही घरांत आहेत. या गाड्यांना नव्या गाड्यांसारखा संगणक नाही. त्या आवाजातून आणि वासातूनच आपलं दुखणं सांगतात. आईच्या वेळचा पंपाचा स्टोव्ह आठवा. रॉकेल, हवा आणि काडी, तिन्ही जमलं की पेटायचा. गाडीचंही तेच: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. शिवाय इंजिन फिरवायला बॅटरीचा जोर हवा. यातलं काय कमी पडतंय, एवढंच शोधायचं.

सेल्फ मारल्यावर नुसतं ‘टक’ होतं किंवा इंजिन रडतरडत फिरतं. पुढचे दिवे लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोकं सैल झाली आहेत. टोकांवर पांढरट-हिरवी भुकटी दिसली तर नवी बॅटरी घेण्याआधी ती साफ करा. हातातल्या धातूच्या बांगड्या आणि अंगठी आधी काढून ठेवा, मंगळसूत्र पदराआड खोचा. दोन्ही टोकांना धातू टेकला तर मोठी ठिणगी उडून भाजतं. जवळ काडी, उदबत्ती काही नको, कारण बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. गाडी बंद ठेवून आधी वजा (−) खुणेची तार सोडवा, मग अधिकची. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या दातांच्या ब्रशने घासा. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. कोरडं पुसून तारा घट्ट बसवा, या वेळी वजाची शेवटी. वरून थोडं व्हॅसलीन चोळा.

इंजिन जोरात फिरतं, पण पेटत नाही, आणि पेट्रोलचा उग्र वास येतो. म्हणजे गाडी ओव्हरफ्लो झाली. चोक फार वेळ ओढला किंवा अॅक्सिलरेटर दाबून-सोडून दाबला की असं होतं. पाच-दहा मिनिटं थांबा. मग चोक पूर्ण आत ढकला, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि चार-पाच सेकंद सेल्फ मारा. पेटली की पाय हळूच सोडा.

फिरतं, पेटत नाही, आणि वासही नाही. पेट्रोल वर येत नसेल. आधी टाकीत पेट्रोल आहे का ते पाहा, जुन्या गाडीच्या काट्यावर फार विश्वास नको. मग पेट्रोलचा फिल्टर तुंबलाय का ते मेकॅनिककडून बघून घ्या. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होऊ शकतात, म्हणून त्याही तपासायला सांगा. कोणी कार्ब्युरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतू लागलं तर सरळ ‘नको’ म्हणा. आगीशी खेळ आहे तो.

पावसाळ्याच्या सकाळीच रुसते. बहुधा दमटपणामुळे ठिणगी भरकटते. गाडी बंद असताना प्लगच्या जाड तारा आणि डिस्ट्रिब्यूटरची टोपी, आतून-बाहेरून, कोरड्या सुती फडक्याने पुसा. तारा मात्र आपापल्या जागीच राहू द्या, त्यांचा क्रम चुकला तर गाडी चालू व्हायची नाही.

चालू होते, पण भर उन्हात सिग्नलला बंद पडते. उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पंपात अडकते. गाडी कडेला घ्या, बॉनेट उघडा आणि वीस-पंचवीस मिनिटं निवू द्या. पेट्रोल-पंपावर ओला फडका टाकायची जुनी युक्तीही चालते, फक्त पाणी तारांवर नको. तापमानाचा काटा लाल खुणेवर असेल तर रेडिएटरचं झाकण गरम असताना मुळीच उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

धुराकडेही लक्ष असू द्या. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. चोक आत ढकलायचा राहिला का बघा. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सकाळचा पांढरा धूर ही नुसती वाफ; पण तो थांबतच नसेल आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर गाडी लगेच दाखवा. आणि बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. तो धूर विषारी असतो.

आता गॅरेजवाल्याचं. ‘गाडी बिघडलीय’ एवढंच सांगितलं की तो अंदाजाने सामान बदलत बसतो. त्याऐवजी ‘सेल्फ नीट फिरतो, पेट्रोलचा वास येतो, फक्त सकाळी होतं’ असं सांगा. एका वेळी एकच वस्तू बदलायला लावा आणि काढलेला जुना भाग मागून घ्या. वहीत तारीख, लक्षण आणि खर्च लिहीत जा. नेमकं बोलणाऱ्या बाईला सहसा कोणी फसवायला धजत नाही.

आणि ताई, सासूबाईंच्या डायलिसिसची वेळ चुकता कामा नये. आदल्या संध्याकाळी गाडीला अर्ध्या तासाची चक्कर मारून आणा. जागेवर पाच मिनिटं घरघर करून बॅटरी भरत नाही. रिक्षावाल्याचा नंबर फोनजवळ लिहून ठेवा. सकाळी तीनदा सेल्फ मारूनही चालू झाली नाही तर गाडीचा नाद सोडा आणि रिक्षाने निघा. गाडीचं दुपारी बघता येईल.