सल्ल्याची जात

मागच्या दिवाळीत अष्टमीच्या पुलावर आमच्या बौद्धवाडीतला एक म्हातारा भेटला. रोह्याच्या बाजाराला निघाला होता. विचारलं, "मुंबईला करतोस तरी काय रं?" म्हटलं, आजोबा, मोठ्या कंपनीत आहे. कंपन्यांना, सरकारला सल्ला देतो. म्हातारा कुंडलिकेकडे बघत हसला. म्हणाला, "आन् तुला सल्ला इचारतो कोन?"

मी पण हसलो. पण दोस्तांनो, रात्री झोप लागली नाही. चार वर्षं या धंद्यात आहे. इतका नेमका प्रश्न मला एकाही मॅनेजरने विचारलेला नाही.

तुमच्यातल्या पुष्कळांना हा धंदा ठाऊक नसेल. मलाही आत शिरेपर्यंत नव्हता. एखादा कारखानदार, बँक, नाहीतर सरकारचं खातं या कंपनीला पैसे मोजतं. कंपनीचा पार्टनर येऊन हात मिळवतो, इंग्रजीत दोन विनोद करतो आणि विमानाने परत जातो. मग आमच्यासारखी चार-पाच पोरं एका काचेच्या खोलीत कोंडली जातात. आम्ही आकडे गोळा करायचे, तक्ते करायचे, स्लाइडी बनवायच्या. रात्री दोनला मॅनेजरचा मेसेज येतो, सातव्या स्लाइडवरचा निळा रंग बदल. बदलतो. तीनला येतो, आधीचाच बरा होता. टाइमशीट नावाचा हजेरीपट असतो. पंधरा तास राबायचं आणि आठ लिहायचे, कारण जास्त लिहिले तर प्रोजेक्टचा हिशेब बिघडतो आणि तुम्ही 'स्लो' ठरता. शेवटी पार्टनर परत येतो आणि आमचं डोकं आपल्या तोंडाने बोलून दाखवतो. क्लायंट मान डोलावतो. का डोलावणार नाही? त्याला काय करायचंय ते त्याने आधीच ठरवलेलं असतं. माणसं कमी करायची आहेत, फक्त पाप आपल्या माथी नको. म्हणून शिक्का विकत घ्यायचा.

गावकीत आमच्या बापजाद्यांचं काम काय होतं? निरोप पोचवायचा. सरकारी टपाल न्यायचं, दवंडी द्यायची, मेल्याचा सांगावा गावोगाव न्यायचा. निरोप दुसऱ्याचा, पाय आपले. आणि वेळ? वेळ नव्हतीच. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागितली, ती याच वेठीविरुद्ध. चोवीस तास, कधीही हाक आली की धावायचं, आणि घरचा एक नसला तर दुसऱ्याने जायचं. वतन 1958 च्या कायद्याने गेलं. आता आम्ही लॅपटॉप पाठीला लावून तीच धाव धावतो, आणि वर स्टेटस टाकतो की आपण 'हसल' करतोय! वतनदाराला निदान कळत होतं की ही वेठ आहे.

कुणी म्हणेल, पगार मिळतो ना? मिळतो. बाप धाटावच्या केमिकल कारखान्यात कंत्राटावर वर्षभर खपून आणतो, त्याहून जास्त मी दोन महिन्यांत आणतो. घरावर स्लॅब पडला, बहीण नर्सिंगला गेली. हे लपवून मी तुम्हाला क्रांती शिकवणार नाही. पण तो पगार कशाचा, तेही ऐका. एका कारखान्याचं काम होतं. धाटावचा नव्हता, पण धाटावसारखाच. मला तक्ता दिला आणि सांगितलं, खर्च कुठे कापता येईल ते काढ. त्यात एक ओळ होती : कंत्राटी हेल्पर. पुढे संख्या. मी ती संख्या पाचव्या हिश्शाने कमी केली. सूत्र बरोबर होतं. मॅनेजरने पाठ थोपटली. त्या रात्री बापाचा फोन आला, जेवलास का म्हणून. म्हटलं, जेवलो. जेवलो नव्हतो.

आता थोडं मागे जातो, कारण म्हाताऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे.

1917 साली कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला एक माणूस बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतला. बडोद्यात त्याच्या टेबलावर शिपाई लांबूनच फायली टाकायचे, राहायला कुणी जागा दिली नाही. मुंबईत घर चालवायला त्याने शिकवण्या धरल्या आणि एक धंदा काढला : शेअर-रोख्यांच्या व्यवहारात लोकांना सल्ला द्यायचा. म्हणजे बघा, आज ज्याला कन्सल्टिंग म्हणतात तेच! गिऱ्हाइकं यायला लागली. सल्ला चांगला होता. अर्थशास्त्र एवढं शिकलेली माणसं तेव्हा या देशात होती किती? मग गिऱ्हाइकांना कळलं की सल्ला देणारा महार आहे. गिऱ्हाइकं यायची बंद झाली. धंदा बसला. सल्ला बिघडला नव्हता. तो ज्या तोंडातून येत होता ते तोंड विटाळलेलं होतं. 1918 च्या नोव्हेंबरात बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तिथंही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरकुर केलीच. पुढे 1925 साली हिल्टन यंग कमिशनपुढे याच माणसाने रुपयाच्या प्रश्नावर साक्ष दिली. साम्राज्याच्या कमिशनला त्याचं म्हणणं ऐकावंसं वाटलं, पण मुंबईच्या शेअरबाजारातल्या गिऱ्हाइकाला नाही.

आमचे काही सुशिक्षित बंधू म्हणतील, झाली शंभर वर्षं, आता कोण जात विचारतो? विचारतात हो. नुसतं वेगळ्या तऱ्हेने. माझं आडनाव गावावरून पडलंय, मागे 'कर' लागलेला. त्यावरून काही कळत नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात कॅन्टीनमध्ये एक वरचा साहेब म्हणाला, "रोह्याचे का तुम्ही? म्हणजे चिंतामणराव देशमुखांच्या रोह्याचे! सीकेपी?" मी हसलो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. नुसता हसलो. दीड वर्ष त्या हसण्यावर माझं बरं चाललं. क्लायंटपुढे मला उभं करत, बोलू देत, मुद्देसूद बोलतो म्हणत. मग एका वर्षी मी सहा डिसेंबरची रजा टाकली आणि कारण लिहिलं : चैत्यभूमी. कुणी एक शब्द बोललं नाही. ही माणसं सुसंस्कृत आहेत. पुढच्या मीटिंगला मात्र मला सांगितलं, तू इथंच थांब, बॅकअप स्लाइडी तयार ठेव. त्याच्या पुढच्या मीटिंगलाही तेच. वर्षअखेरच्या शेऱ्यात आलं, 'क्लायंटपुढे आत्मविश्वास कमी'. आदल्या वर्षी त्याच रकान्यात 'उत्तम' होतं.

आता मी हे सिद्ध करू शकतो का? नाही. त्यातच तर सगळी गंमत आहे. अमेरिकेत सिएटल शहराने 2023 च्या फेब्रुवारीत जातिभेदावर बंदी घालणारा कायदा केला. तिथल्या ऑफिसात जात आहे हे तिथल्या नगरपालिकेला पटलं. आमच्या कंपनीच्या भिंतीवर 'विविधता' म्हणून एक पोस्टर आहे. त्यात बायका आहेत, अपंग आहेत, जगातल्या सगळ्या रंगांची माणसं आहेत. जात हा शब्द त्यात नाही.

पण माझं रडगाणं फार झालं. मी एकटा बॅकअप स्लाइडीवर बसलो म्हणून चळवळीचं काय बिघडतं? बिघडतं ते दुसरीकडे. सरकारी खात्यांत जाऊन बघा. कधी काळी तिथल्या जागा लोकसेवा आयोगामार्फत, आरक्षणाने भरायच्या. आता जागा रिकाम्या ठेवतात आणि शेजारच्या खोलीत सल्लागार कंपनीची पोरं बसवतात, प्रकल्प कक्ष म्हणून. काम तेच, टेबल तेच, आरक्षण गुल. 2023 च्या मार्चमध्ये राज्य सरकारने नऊ खाजगी एजन्स्या नेमून बाहेरून माणसं घ्यायचा जीआर काढला. पोरं रस्त्यावर आली, तेव्हा ऑक्टोबरात तो मागे घेतला. जीआर गेला म्हणून कुणी गुलाल उधळू नये. सल्लागाराला जीआर लागत नाही, टेंडर पुरतं. आणि त्या टेंडरातून आत कोण बसतो? ज्याचा मामा, ज्याचा कॉलेजमित्र, ज्याचा सोसायटीतला शेजारी आधीच आत आहे तो. त्याला रेफरल म्हणतात. आपण त्याला वतन म्हणायचो.

आणि सल्ला चुकला तर? 2003 साली बॉम्बे फर्स्ट आणि मॅकिन्सीने 'व्हिजन मुंबई' नावाचा अहवाल दिला. मुंबई जागतिक शहर करा, झोपडपट्टीतल्या माणसांचं प्रमाण 10-20 टक्क्यांवर आणा. 2004 च्या डिसेंबरात बुलडोझर निघाले, काही महिन्यांत हजारो झोपड्या सपाट. अहवालात घरं बांधा असंही लिहिलं होतं. पाडणं तेवढं लवकर झालं. याच मॅकिन्सीने अमेरिकेत अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांचा खप वाढवायचा सल्ला औषध कंपनीला दिला होता. त्या गोळ्यांनी माणसं व्यसनी झाली, मेली. 2021 साली कंपनीने 57 कोटी 30 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं आणि दुसऱ्या दिवशी सल्ला द्यायला मोकळी.

आतली पोरंही मरतात. 2024 च्या जुलैत पुण्यात अर्न्स्ट अँड यंगच्या गटातल्या कंपनीत लागून चारच महिने झालेली एक तरुण सीए मुलगी गेली. कामाच्या ओझ्याने माझी पोर गेली, असं तिच्या आईने पत्र लिहिलं. कंपनीच्या प्रमुखाने ते मानलं नाही. कामगार खात्याने ऑफिस तपासलं तर त्या ऑफिसची दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नाही असं निघालं! चहाच्या टपरीला परवाना विचारणारं हे सरकार. त्या कायद्यात तेव्हा दिवसाला 9 तास होते, आठवड्याला 48. हे 48 कुठून आले? बाबासाहेब मजूरमंत्री असताना, 1946 च्या कारखाना कायद्याच्या दुरुस्तीतून. आधी 54 होते. आणि 2025 च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यात दिवसाचे 9 चे 12 आणि दुकाना-ऑफिसात 9 चे 10 करायला मंजुरी दिली. ही स्लाइड कुठल्या काचेच्या खोलीत बनली असेल, मी सांगू शकत नाही. पण रात्री दोनला तिचा रंग कुणीतरी बदलला असणार एवढं नक्की.

मग तू सोडत का नाहीस? समाजमंदिरात एका पोराने तोंडावर विचारलं. बरोबर विचारलं. मी त्याला म्हटलं, मी सोडली तर त्या खुर्चीवर साहेबाचा भाचा बसेल आणि त्याला 'कंत्राटी हेल्पर' या ओळीत काहीच दिसणार नाही. तो म्हणाला, "तुला दिसलं, मग तू काय केलंस?"

गप्प बसलो. आकडा मीच कापला होता.

तेव्हापासून दोन गोष्टी करतो आहे. टाइमशीटवर खरे तास लिहितो. पंधरा तर पंधरा. मॅनेजरचे तीन फोन आले, अजून काढलेलं नाही. दुसरी गोष्ट, तोच पोरगा. बी.कॉम. पहिल्या वर्गात, आकड्याला माझ्याहून तेज, इंग्रजी अडखळतं. त्याला नोकरी हवी आहे, मला शिव्या घालून झाल्यावर हळूच म्हणाला. मी म्हटलं, आत आल्यावरही शिव्या घालशील तरच शिफारस करतो. हो म्हणाला. काल रात्री अष्टमीतूनच कंपनीचा रेफरलचा फॉर्म भरला. त्यात एक रकाना असतो, उमेदवाराला तुम्ही कसे ओळखता. बाकीचे लिहितात, कॉलेजमित्र, फॅमिली फ्रेंड. मी लिहिलं : आम्ही एकाच बौद्धवाडीतले.

उद्या पहाटेच्या दिव्याच्या गाडीने परत जातोय. अजून उत्तर आलेलं नाही.