आधी लंगडी, मग शुद्धलेखन

काय दोस्तांनो, हे पान वाचताना बसलायत कसे? एक पाय खुर्चीवर, दुसरा लोंबकळत? की पलंगावर पालथे? आणि तो पाय हलतोय ना? हलू दे. आजचं सदर त्या हलणाऱ्या पायाबद्दलच आहे. आई-बाबांनो, तुम्हीही शेजारी बसून वाचा, कारण "पाय हलवू नकोस, अभ्यासात लक्ष दे" हे वाक्य बहुतेक तुमचंच असतं. माझंही होतं.

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत एक तिसरीतला मुलगा आहे. त्याला आपण बंड्या म्हणू. सकाळची शाळा, दुपारी गृहपाठ, चार वाजता शिकवणी, घरी यायला सात. तक्रारी तीन. एक, स्थिर बसत नाही. दोन, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तीन, फळ्यावरचं उतरवताना मधल्या ओळीच गाळतो. शिकवणीच्या बाईंचा सल्ला, संध्याकाळचा खेळ महिनाभर बंद करा, म्हणजे अभ्यासाला वेळ मिळेल. त्यातच कुणीतरी त्याच्या आईच्या हातात एक पत्रक दिलं. "मेंदूचे व्यायाम, डावा-उजवा मेंदू जोडा, गुण वाढवा." फी वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"काकू, घालू का त्याला?" ती म्हणाली. "की आमच्या बंड्यात खरंच काही कमी आहे?"

हा दुसरा प्रश्न विचारताना तिचा आवाज बदलला होता. बंड्या दाराआड उभा राहून ऐकत होता. म्हणून मी लगेच हो-नाही केलं नाही, थोडी शोधाशोध केली. तीच आज तुम्हाला सांगते.

अमेरिकेत पॉल डेनिसन आणि गेल डेनिसन या जोडप्याने १९८०च्या दशकात 'ब्रेन जिम' नावाचे २६ साधे व्यायाम पसरवले. उजवं कोपर डाव्या गुडघ्याला लावा, हवेत आडवा आठ काढा, गळ्याखालच्या हाडाजवळ बोटांनी चोळा, पाणी प्या. अशा हालचालींनी मेंदूचे दोन भाग नीट जोडले जातात आणि वाचन-लेखन सुधारतं, असा दावा. जगभरच्या शाळांनी तो उचलला. पुढे २००७ साली कीथ हायट या अभ्यासकाने तोवर झालेले प्रयोग तपासले, तेव्हा या दाव्याला भक्कम आधार मिळाला नाही. गळ्याखाली चोळल्याने वाचन सुधारतं, असं सिद्ध झालेलं नाही. आपल्याकडच्या कान धरून उठाबशांचंही तेच. मास्तर शिक्षा म्हणून करायला लावायचे, आता कुणी त्याच मेंदूचा व्यायाम म्हणून शिकवतात! उठाबशा पायांना उत्तमच. कान धरल्याने त्यात काही भर पडते असं मात्र मला कुठे दिसलं नाही.

मग हालचालीचा आणि अभ्यासाचा संबंधच नाही? आहे की! फक्त तो जादूचा नाही, घामाचा आहे.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २००९ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. नऊ-दहा वर्षांची २० मुलं. एक दिवस त्यांना २० मिनिटं झपाझप चालायला लावलं, एक दिवस तेवढाच वेळ नुसतं बसवलं. मग दोन्ही दिवशी लक्ष लागण्याची आणि वाचून समजण्याची परीक्षा घेतली. चालण्याच्या दिवशी मुलांनी ती जास्त चांगली सोडवली. मुलं थोडीच होती, त्यामुळे यावर इमले बांधायचे नाहीत. पण अभ्यासाच्या आधीची वीस मिनिटं फुकट जात नाहीत, एवढं नक्की वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी सांगितलंय की दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवीच. बंड्याच्या वेळापत्रकात ती किती होती? शाळेची जिना-चढउतर धरली तर दहा.

आता थोडं शरीराच्या आत जाऊ. लोकलमध्ये कधी मधल्या मोकळ्या जागेत उभं राहिलायत? (दारात नाही हं, आत!) गाडी दिवा सोडते, एक हिसका बसतो आणि तुम्ही पडत नाही. पाय आपोआप सरकतो, कंबर वळते. तुम्ही विचारही केलेला नसतो. कानाच्या अगदी आत, दोन्ही बाजूंना, तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव हलतो आणि मेंदूला वर्दी जाते. स्नायू आणि सांधेही आपापली खबर पाठवत असतात. या साऱ्या खबरा गोळा करून तोल सांभाळण्यात मोठा वाटा असतो मेंदूच्या मागच्या बाजूला असलेल्या अनुमस्तिष्काचा. आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्यांतल्या जवळजवळ ६९ अब्ज या एवढ्याशा भागात! परीक्षेत या वाक्याला गुण मिळतील, लक्षात ठेवा.

ही यंत्रणा जन्मापासून तयार नसते. पडून, धडपडून, गरागरा फिरून ती तयार होते. तोल कच्चा असेल तर खुर्चीवर नुसतं ताठ बसणं हेच एक काम होऊन बसतं. मूल मग हातावर डोकं टेकवतं, खुर्चीत वेटोळं घालतं, पाय हलवतं. आपण म्हणतो, आगाऊ आहे. अक्षराचंही तसंच. पेन्सिल बोटं धरतात खरी, पण खांदा आणि मनगट लटपटत असेल तर बोटांनी तरी काय करावं?

ही गोष्ट आपल्या ठाणे जिल्ह्यात फार पूर्वी एका बाईंनी ओळखली होती. ताराबाई मोडक. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला आणि १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. (ही गावं तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.) मारिया माँटेसरींची महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? मग शंख-शिंपले, बिया, पानं यांनाच ताराबाईंनी शिक्षणाची साधनं केलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत नव्हती, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून ती अंगणवाडी. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या आणि ताराबाईंच्या नंतरही त्यांनी ते काम चालवलं. आज आपण लाखाच्या गोष्टी करतो आणि मुलाला खडूची रेघ ओढायला गच्ची मिळत नाही!

गच्ची मात्र मी मिळवली. मे महिन्याची सुट्टी, संध्याकाळी साडेपाच, इमारतीतली अकरा मुलं. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी छत धडधडतं म्हणून तक्रार केली. दुसऱ्या दिवशी त्यांनाच पंच केलं. तक्रार संपली.

आम्ही काय केलं, सांगते. तुम्हीही करून बघा. पायात चप्पल नको, फरशी कोरडी हवी, आणि कठड्यापासून लांब.

पहिली खडूची रेघ. वीस पावलं लांब. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत त्यावरून चालायचं. जमलं की हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला घ्यायचा. हा रेषेवरून चालण्याचा खेळ माँटेसरींच्या शाळांतला. धावणारा बंड्या इथे पहिल्यांदा सावकाश चालला. कारण ओरडून "हळू" म्हणणारं कुणी नव्हतं, पाणी सांडत होतं एवढंच.

मग उजवं कोपर डाव्या गुडघ्याला, डावं कोपर उजव्याला, वीस वेळा, अगदी सावकाश. हो, पत्रकातलाच व्यायाम! तो वाईट नाही. मेंदूचा डावा भाग मुख्यतः शरीराची उजवी बाजू चालवतो, उजवा भाग डावी. दोघांच्या मध्ये सुमारे २० कोटी तंतूंचा पूल आहे. या व्यायामाने तो पूल रुंद होतो वगैरे मी म्हणणार नाही. पण दोन्ही हात, दोन्ही पाय, तोल आणि ताल एकदम सांभाळायची सवय होते. आणि खरं सांगू? हेच तुमच्या आजीने फी न भरता केलं. फुगडी घालताना हात कसे धरतात आठवा. फुली करून! वर पायांचा ताल, गिरकी आणि समोरच्यावर विश्वास. लेझीमही तसंच, एक हात एकीकडे, पाय दुसरीकडे, कान ढोलाकडे. मुलग्यांनो, नाकं मुरडू नका. आमच्या गच्चीवर फुगडीत सगळ्यात आधी बंड्याच पडला आणि सगळ्यात जास्त वेळ तोच खेळला.

लंगडीबद्दल तर एक वेगळं सदर लिहावं लागेल. साधारण पाच वर्षांचं मूल एका पायावर दहा सेकंद उभं राहू शकतं. आमच्यातली चौथीतली दोन मुलं सहालाच कोसळली. हुशार मुलं, पाढे तोंडपाठ. पंधरा दिवस रोज लंगडी घातल्यावर दोघं वीसच्या पुढे गेली.

गृहपाठाला बसण्याआधी भिंत ढकला. दोन्ही तळवे भिंतीवर, पाय मागे, दहा वेळा. भिंत काही हलत नाही, पण खांद्यांना जाग येते. बोटांसाठी घरात केवढी साधनं आहेत! कणीक मळा, रुमाल पिळा, शेंगा सोला, सागरगोटे खेळा. आईने "आज कणीक कोण मळणार?" विचारलं की तो अक्षराचाच तास समजा. मळून झाल्यावर ओटा मात्र तुम्हीच पुसायचा.

आणि लांब बघा. आमच्या गच्चीवरून स्वच्छ दिवशी मलंगगडाची रांग दिसते. ठाण्यातल्यांना येऊरचे डोंगर आहेत. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत एक मोठा प्रयोग झाला. पहिलीतल्या काही मुलांना शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटं जादा बाहेर उघड्यावर नेलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचं कमी दिसू लागलं, बाकीच्यांत ३९.५ टक्के. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे मैदान डोळ्यांसाठीसुद्धा हवं. डोंबिवलीत भागशाळा मैदान आहे, कल्याणला सुभाष मैदान, ठाण्यात सेंट्रल मैदान. गर्दी असते, ठाऊक आहे. एक कोपरा पुरतो.

आता बंड्याचं काय झालं? जून उजाडला तेव्हा तो अर्धा तास एका जागी बसू लागला होता. पूर्वी दहा मिनिटं बसत नसे. अक्षर? थोडं सुधारलं, मोत्यासारखं वगैरे काही नाही. पण ओळी गाळणं तसंच राहिलं. गच्चीवर एकदा मी मुलांना समोरच्या इमारतीवरची पाटी वाचायला सांगितली. सगळ्यांनी वाचली. बंड्या म्हणाला, "कुठली पाटी?"

दुसऱ्याच दिवशी आई त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. चष्मा लागला. फळ्यावरच्या ओळी तो गाळत नव्हता, त्याला त्या दिसतच नव्हत्या! वर्षभर आम्ही सगळ्यांनी त्याला धांदरट म्हटलं होतं. मीसुद्धा. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे काकू, पेला कुठाय?"

म्हणून आई-बाबांनो, हे नीट वाचा. हालचाल सगळ्या मुलांना हवी, पण ती औषध नव्हे. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मूल चांगलं खेळतं, बोलतं, तरी अक्षरं उलटी काढतं, वाचताना सतत अडखळतं, आणि वर्ष उलटलं तरी तसंच चालू आहे, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. तो आळस नव्हे आणि बुद्धीची उणीव तर नव्हेच. महाराष्ट्रात अशा मुलांना १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळतात, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही तिची नोंद आहे. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांची तपासणी होते. आपल्याकडून थेट लोकल आहे. कल्याण-डोंबिवलीहून सायनला जाण्यात लाज कसली? दात दुखला तर आपण जातोच ना?

पत्रकाच्या क्लासचं विचारताय? बंड्याच्या आईने ती फी भरली नाही. त्या पैशांतून चष्मा आला, आणि उरलेल्यातून दोरीच्या उड्यांच्या चार दोऱ्या. संध्याकाळची शिकवणी आता आठवड्यातून तीनच दिवस आहे. शिकवणीच्या बाई थोड्या रागावल्यात. असो.

आता तुमचं काम. भिंतीजवळ उभे राहा, डोळे मिटा, एक पाय उचला आणि मोजा. पाय टेकला की थांबा. घरातल्या सगळ्यांचे आकडे लिहून पाठवा. आई-बाबांचेही, आणि खरे! वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी भिंतीला हात लावून चार केले. माझे नऊ झाले, त्यातही शेवटचे दोन बंड्याने उदार मनाने मोजले.